दिवसाचा ओव्हर द्यायला शिका

माझ्या वॉर्डात नव्याने रुजू होणाऱ्या सिस्टर आणि ब्रदरना हाताखाली घेऊन तयार करायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. सलाईन लावणं, इंजेक्शन देणं, चार्ट भरणं हे ते शिकूनच आलेले असतात. दोन-तीन महिने गेले की मात्र वेगळ्या तक्रारी सुरू होतात. घरी गेल्यावर झोप लागत नाही. सुट्टीच्या दिवशीही डोक्यात वॉर्डच चालू असतो. बारीकसारीक गोष्टींवरून घरच्यांवर आवाज चढतो. आणि मग एखाद्या रात्रपाळीत, काम जरा थंडावलं की, हळूच विचारतात, "मॅडम, हे सगळं आपण कशासाठी करतोय?"

हाच प्रश्न मला बँकेतली भाची विचारते, दिवसभर लॅपटॉपपुढे बसणारा शेजारी विचारतो, मुलं शिकायला बाहेरगावी गेल्यामुळे घर खायला उठलेली मैत्रीण विचारते. म्हणून वॉर्डात जे शिकवते तेच थोडं सविस्तर लिहिते आहे. त्यातली मुख्य गोष्ट ओव्हर, म्हणजे पाळी संपताना येणाऱ्या सिस्टरला काम नीट सांगून सोपवणं. पेशा कुठलाही असो, यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

"पॉझिटिव्ह राहा" हे वाक्य मी कुणालाच ऐकवत नाही. ज्याचं मन आधीच खचलंय त्याला ते टोचतं. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात जोॲन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना "मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे" अशा अर्थाचं वाक्य मनाशी पुन्हा पुन्हा म्हणायला सांगितलं होतं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत मुळातच चांगलं होतं त्यांना थोडं बरं वाटलं. ज्यांचं मत वाईट होतं, म्हणजे ज्यांना त्या वाक्याची खरी गरज होती, त्यांना आणखीच वाईट वाटलं. मन एवढं भोळं नसतं, ते पुरावा मागतं. त्यामुळे मी शिकवते ती सगळी पद्धत पुरावा गोळा करण्याची आहे. आज आपल्या हातून काय झालं, ते कुणाच्या उपयोगी पडलं, आणि जे राहिलं ते कुणाच्या ताब्यात आहे. या तीन गोष्टी रोज कागदावर आल्या की मन हळूहळू जागेवर येतं आणि "कशासाठी" याचं उत्तरही त्याच कागदांतून निघतं.

आधी शरीर

प्रत्येक पेशंटजवळ जाण्याआधी आणि तिथून निघताना आम्हाला हात स्वच्छ करावे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेल्या पद्धतीप्रमाणे हँडरबने २० ते ३० सेकंद, साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद. नव्या मुलींना मी सांगते, एवढा वेळ तुमचा स्वतःचा आहे. खांदे खाली सोडा. नाकाने श्वास घ्या आणि जेवढा वेळ घ्यायला लागला त्याच्या साधारण दुप्पट वेळ लावून तोंडाने सोडा. मागच्या बेडवरचं तिथेच राहू द्या, पुढच्या पेशंटचं नाव मनात घ्या, मगच पाऊल उचला.

श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मंदावतात. तरुण पेशंट मॉनिटरवर असला तर हा चढउतार चक्क डोळ्यांना दिसतो. म्हणून भर सोडण्यावर द्यायचा. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ साली छापलेल्या अभ्यासात लोकांनी महिनाभर रोज ५ मिनिटं असा लांब सोडलेल्या श्वासाचा सराव केला आणि त्यांची मनःस्थिती सुधारलेली आढळली. ५ मिनिटं जमली तर उत्तमच. नसतील जमत तर हे अर्धं मिनिट दिवसातून अनेकदा घ्या.

तुमच्या कामात हात धुणं नसेल, तरी एखादी ठरावीक जागा असतेच. मीटिंगच्या खोलीचं दार, गाडी बंद केल्यानंतरचा क्षण, फोन उचलण्याआधी वाजणारी रिंग. यातली एकच निवडा आणि ती बदलू नका.

झोपेबद्दल आणि चालण्याबद्दल सगळ्यांना सगळं ठाऊक असतं, म्हणून थोडक्यात. मोठ्या माणसाला रात्री किमान ७ तास झोप हवी. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं दम लागेल न लागेल इतपत जोरात चालणं किंवा तसाच दुसरा व्यायाम हवा. माझा नियम एवढाच की झोप कमी झालेली असताना आयुष्याविषयी कुठलाही निष्कर्ष काढायचा नाही. रात्री २ वाजता नोकरी निरर्थक वाटली तर सकाळी १० वाजता तोच विचार पुन्हा करून पाहा. रात्रपाळीत मनाला जे पटतं ते उजाडल्यावर पटेलच असं नाही, हे आमच्या पेशात प्रत्येकाला माहीत असतं.

ओव्हर

आता मुख्य गोष्ट. पाळी संपताना आम्ही ओव्हर देतो. जाणारी सिस्टर आणि येणारी सिस्टर एकेका बेडपाशी उभ्या राहतात आणि जाणारी सांगत जाते. पेशंट कोण, काय झालं, काय दिलं, काय राहिलं, कशावर लक्ष ठेवायचं. "५ नंबरचा रक्ताचा रिपोर्ट यायचाय, आला की डॉक्टरांना लगेच कळवा. ७ नंबरला दुखत होतं, आठ वाजता औषध दिलंय, तासाभराने परत विचारा." समोरची विचारायचं ते विचारून घेते, चार्टवर नजर टाकते आणि तो बेड ताब्यात घेते. त्या क्षणापासून ५ नंबरचा रिपोर्ट घरी जाणारीच्या डोक्यात राहण्याचं काही कारण उरत नाही.

ज्या सिस्टर ओव्हर घाईघाईत उरकतात त्यांनाच रात्री घरून फोन करून "ते सांगायचं राहिलं" म्हणावं लागतं, आणि झोप न लागण्याच्या तक्रारीही बहुतेक त्यांच्याच असतात. बाकीच्या पेशांत तर ओव्हर घ्यायला कुणी येतच नाही. संध्याकाळी लॅपटॉप मिटला तरी काम माणसाबरोबर घरी येतं, जेवायला बसतं, अंथरुणात शिरतं.

मासिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या दोन मानसशास्त्रज्ञांचा २०११ सालचा अभ्यास यावरच आहे. अर्धवट राहिलेलं काम दुसरं काही करताना मध्ये मध्ये डोकावत राहतं. पण ते काम कधी, कसं करायचं हे नेमकं ठरवलं की, काम प्रत्यक्षात झालेलं नसलं तरी, डोकावणं थांबतं. २०१८ साली अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात ५७ तरुणांवर झालेल्या अभ्यासात झोपण्याआधी ५ मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिणारे हे, झालेल्या कामांबद्दल लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी ९ मिनिटं लवकर झोपले. यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर.

तेव्हा काम थांबवताना १० मिनिटं राखून ठेवा आणि कागदावर चार मथळे घाला: झालं, राहिलं, लक्ष ठेवायचं, माझ्या हातात नाही. भाचीने तिच्या वहीतलं एक पान मला दाखवलं होतं, तिच्या परवानगीने जवळजवळ तसंच देते.

झालं: कर्जाच्या तीन फाइली पुढे गेल्या. एका आजोबांची पेन्शन अडकली होती, ती सुटली.
राहिलं: चौथ्या फाइलीत सही नाही. उद्या १०:३० ला पार्टीला फोन, नंबर फाइलीच्या आतल्या पानावर.
लक्ष ठेवायचं: नव्या मुलाची कॅश टॅली. संध्याकाळी ४ ला त्याच्याजवळ जाऊन बसणे.
माझ्या हातात नाही: बदल्यांची यादी. लागेल त्या दिवशी वाचेन.

हे पान चांगलं का आहे, ते सांगते. "राहिलं" खाली वेळ आहे आणि पहिली कृती आहे. "फाइल पूर्ण करणे" असं लिहिलं असतं तर तो ओव्हर झाला नसता, तो नुसता धाक झाला असता. सकाळी ती जागेवर बसली की विचार करावा लागत नाही, फोन उचलायचा एवढंच. "झालं" खाली आजोबा आहेत. ती आधी तिथे फक्त फाइली लिहायची, मी हट्टाने माणसं लिहायला लावली. आणि शेवटची ओळ तर सगळ्यांत महत्त्वाची. बदल्यांच्या यादीने तिची कित्येक आठवड्यांची झोप उडवली होती. यादीवर तिचा काही ताबा नाही, हे तिला आधीही माहीत होतंच. पण कागदावर वेगळ्या मथळ्याखाली गेल्यावर ते रोज नव्याने उकरून काढायची गरज उरली नाही.

तरीही काळजी सुटत नसेल तर तिला वेळ द्या. टॉमस बोर्कोव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली तपासून पाहिलेली पद्धत साधी आहे. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी अर्धा तास फक्त काळजी करायची. इतर वेळी मनात आली की "तुझी वेळ साडेसहाची" म्हणून टिपून ठेवायची आणि हातातल्या कामाकडे वळायचं. ही जागा अंथरूण नसावी आणि वेळ झोपेच्या जवळची नसावी.

ज्या घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं आहे, त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की खराखुरा ओव्हर द्या. नवऱ्याने बायकोला, बहिणीने भावाला. "तुला माहीतच आहे" असं न म्हणता, समोरासमोर उभं राहून, औषधांची वेळ, काय खाल्लं, शौचाला झाली का, सगळं. आणि ओव्हर दिल्यावर त्या खोलीतून खरंच बाहेर पडा. कुठलंही हॉस्पिटल एका सिस्टरला चोवीस तास सलग आणि तेही बारा महिने ड्यूटी लावत नाही. घरात मात्र एकाच बाईवर ती सर्रास लावली जाते आणि वर तिने हसतमुख राहावं अशी अपेक्षा असते. तिला धीराच्या चार शब्दांआधी चार तासांची सुट्टी द्या.

अलार्म

अतिदक्षता विभागात दर बेडचा मॉनिटर वाजत असतो. त्यातले बरेचसे अलार्म बिनकामाचे असतात. पेशंट हलला, तार सुटली, मर्यादा उगाच फार अरुंद लावल्या होत्या. दिवसभर हे ऐकून कान इतके बधिर होतात की खरा अलार्म वाजला तरी मान वर होत नाही. याला अलार्म फटीग म्हणतात, आणि हा धोका इतका मोठा आहे की अमेरिकेतल्या हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २०१३ साली त्याबद्दल खास इशारा काढला होता. यावर उपाय मॉनिटर बंद करणं हा नसतो. प्रत्येक पेशंटपुरती मर्यादा ठरवायची, म्हणजे वाजेल तेव्हा धावावं लागेल असंच वाजेल.

फोनचंही असंच करा. सगळी नोटिफिकेशन बंद करा आणि मग एकेक विचारून चालू करा: हे वाजल्यावर मला पुढच्या तासाभरात काही करावं लागणार आहे का? ज्यांच्या हाकेला तुम्ही धावून जाल अशा माणसांचे कॉल या चाळणीतून पार होतात. बातम्या होत नाहीत. बातम्या वाचा जरूर, जगाकडे पाठ फिरवून मिळालेली शांतता मला मान्य नाही. पण दिवसातून एकदा, ठरवून, बसून वाचा, आणि वाचून झाल्यावर स्वतःला विचारा की यातल्या एखाद्या गोष्टीसाठी मला काही करता येईल का. येत असेल तर ते "राहिलं" खाली लिहा, वेळ घालून.

आणि कशासाठी?

एका आजींचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. त्यांचा मुलगा संध्याकाळी सहाला येणार होता आणि दुपारपासून त्या हाक मारून किती वाजले ते विचारत होत्या. आम्ही सगळ्या सांगून सांगून थकलो होतो. फरशी पुसायला आलेल्या मावशींच्या लक्षात आलं की भिंतीवरचं घड्याळ आजींच्या डोक्यामागे आहे. त्यांना कुशीवरही वळता येत नव्हतं. मावशींनी पुसणं थांबवलं, हात पुसले, स्टूल आणलं, घड्याळ उतरवलं आणि समोरच्या खिडकीच्या कट्ट्यावर आजींना पडल्या पडल्या दिसेल असं टेकवून ठेवलं. मग जरा मागे सरकून, आजींच्या उशाजवळ वाकून, तिथून काटे दिसतात ना ते स्वतः पाहिलं. नंतर पुन्हा फरशी. आजींनी त्यानंतर वेळ विचारली नाही. मावशींच्या कामाच्या यादीत हे कुठेच नव्हतं.

एमी रेझनेस्की आणि जेन डटन यांनी हॉस्पिटलातल्या सफाई कामगारांचा अभ्यास करून २००१ साली जे लिहिलं ते मला या मावशींमुळे पटलं. तेच काम, तीच बादली, पण काहींच्या लेखी ती फक्त साफसफाई होती. काही मात्र स्वतःला पेशंट बरं करणाऱ्यांत धरत आणि त्याप्रमाणे वागतही. पेशंटशी बोलत, त्यांना लागेल ते पाहत. हेतू त्यांना कुणी नेमणूकपत्रात लिहून दिला नव्हता.

हेतू शोधायला बसलेल्या माणसांची मला काळजी वाटते. मायकेल स्टीगर यांनी २००६ साली आयुष्यातला अर्थ मोजण्यासाठी जी प्रश्नावली तयार केली, तिच्यात अर्थ असणं आणि अर्थ शोधत असणं या दोन वेगवेगळ्या मोजपट्ट्या आहेत. एकीवर वर गेलात म्हणून दुसरीवर जाल असं नाही. रात्र रात्र विचार करणाऱ्याला वाटतं आपण जवळ पोहोचतोय, पण तो बहुधा नुसता शोधातच असतो. आयुष्याला दिशा असण्याचा उपयोग मात्र नक्की आहे. हिल आणि ट्युरियानो यांच्या २०१४ सालच्या अभ्यासात ६,००० हून जास्त अमेरिकन लोकांची १४ वर्षांची नोंद होती, आणि ज्यांना आयुष्यात हेतू आहे असं वाटत होतं त्यांचं त्या काळात मरण पावण्याचं प्रमाण कमी होतं. एकामुळेच दुसरं झालं असं यातून सिद्ध होत नाही, तरी मला ते दुर्लक्ष करण्यासारखं वाटत नाही.

करायचं ते असं. दोन आठवडे रोज रात्री एक ओळ लिहा: आज माझ्यामुळे कुणाचं काय सोपं झालं? नियम कडक आहेत. माणूस एकच आणि ओळखीने सांगता येईल असा. झालेली गोष्ट डोळ्यांना दिसेल अशी. "लोकांना मदत केली" ही ओळ मी खोडते. "१२ नंबरच्या मुलीला इन्सुलिनचं पेन स्वतः टोचता आलं" ही ठेवते. काही सुचलं नाही तर तारीख घालून जागा कोरी सोडा, ओढूनताणून भरू नका. दोन आठवड्यांनी पानं उलटताना फक्त क्रियापदांखाली रेघ मारत जा.

एका सिस्टरच्या वहीत बहुतेक ओळी नातेवाइकांना समजावून सांगण्याबद्दलच्या निघाल्या. हे ती कामात धरतच नव्हती, उलट त्यामुळे काम मागे पडतं म्हणून स्वतःवर चिडत असे. आता घरी जाणाऱ्या पेशंटना औषधं आणि पथ्य समजावून देण्याचं काम तिने मागून घेतलंय. शेजाऱ्याच्या वहीत "उलगडून दाखवलं" हे पुन्हा पुन्हा आलं, कधी नव्या सहकाऱ्याला, कधी स्वतःच्या वडिलांना. मैत्रिणीची वही आधी बरीच कोरी राहिली. मग एकट्या राहणाऱ्या ओळखीच्या बाईंना डॉक्टरांकडे सोबत करण्याच्या ओळी यायला लागल्या. ती म्हणाली, यात काय एवढं? मी म्हटलं, एकटं माणूस रिपोर्ट हातात घेऊन दाराबाहेर बसलेलं असतं तेव्हा शेजारी कुणी असण्याची किंमत मला विचार.

रेघा मारलेलं जे क्रियापद सगळ्यांत जास्त वेळा आलंय, त्याला आठवड्यातला एक तास पक्का द्या. पक्का म्हणजे कसा, तर जर्मन मानसशास्त्रज्ञ पेटर गोल्विट्झर यांनी १९९९ साली मांडलेली जर-तरची पद्धत वापरा. "वेळ मिळाला की करीन" याऐवजी "शनिवारी नाश्ता आटोपला की बाईंना फोन करीन." प्रसंग आणि कृती एकमेकांना बांधले की दर वेळी निर्धार करत बसावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगायची आहे. जिथे दोघींचं काम एकीवर टाकलंय, सुट्टी नाकारली जाते, पगार वेळेवर होत नाही, तिथे वहीने दुखणं बरं होणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात बर्नआउटचं वर्णन कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळल्या गेलेल्या दीर्घ ताणातून येणारी अवस्था असं केलेलं आहे. म्हणजे प्रश्न त्या जागेचाही आहे. अशा वेळी "झालं" आणि "राहिलं" ची पानं पुरावा म्हणून वापरा. किती काम होतं, किती हात होते, तारखेनिशी लिहून वरिष्ठांकडे द्या, शक्यतो दोघा-तिघांनी मिळून. सहन करत राहण्याला सकारात्मकता म्हणू नका.

काहीच करावंसं वाटत नाही तेव्हा

असे दिवस येतात. इच्छा होईल मग उठू, असं ठरवलं तर दिवस तसाच जातो. नैराश्यावरच्या उपचारांत आधी कृती आणि मागून मनःस्थिती हा क्रम चांगला तपासलेला आहे. २०१६ साली इंग्लंडमध्ये ४४० जणांवर झालेल्या चाचणीत फक्त ठरवून कृती करायला लावणारा उपचार हा विचारांवर काम करणाऱ्या जास्त खर्चिक उपचारापेक्षा कमी ठरला नाही. ऑपरेशननंतर आम्हीही पेशंटला उत्साह येण्याची वाट पाहत नाही. पाय खाली सोडून बसवतो, मग उभं करतो, मग दारापर्यंत नेतो. तुम्हीही काम दारापर्यंतचंच ठेवा: आंघोळ, एक फोन, एक खण आवरणं. झालं की "झालं" खाली लिहा, कितीही लहान असलं तरी.

पण उदासी किंवा कशातच रस न वाटणं दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज टिकलं, झोप-भूक बिघडली, कामावर जाणं होईना, तर हे घरगुती उपाय बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. जगणं नकोसं वाटत असेल तर दोन आठवडेही थांबू नका. त्याच दिवशी कुणाला तरी स्पष्ट शब्दांत सांगा आणि त्या माणसाला बरोबर घेऊन हॉस्पिटल गाठा. जाताना वही घेऊन जा. डॉक्टरांसमोर बसल्यावर "काही नाही, जरा बरं वाटत नाही" एवढंच तोंडून निघतं, हे मी रोज बघते. झोप किती लागली, जेवण किती गेलं, कोऱ्या राहिलेल्या तारखा कोणत्या, हे वहीतून वाचून दाखवा. आणि बरोबर आलेल्या माणसाला सांगून ठेवा, मी काही लपवलं तर तू बोल.